नोटिशीचा महिना

गुढीपाडवा जवळ आला की नायगाव, बिलोली, देगलूर या आपल्या भागातल्या गावांतून एक प्रश्न हमखास कानी पडत असे : "औंदा साल कुणाकडं?" सालगड्याचे वर्ष पाडव्याला सुरू होई आणि पुढच्या पाडव्याला सरे. मधल्या काळात मालकाने गड्याला काढायचे नाही आणि गड्याने मालकाला सोडायचे नाही, अशी बोली. कागद नाही, शिक्का नाही. चार माणसांदेखत दिलेला शब्द, तेवढाच करार. पाडव्याच्या आधी काही दिवस दोन्हीकडून चाचपणी चाले. गडी म्हणे, "मालक, औंदा माझं काही खरं नाही, दुसरा गडी बघा." किंवा मालकच सुचवी की, बाबा, यंदा बैलजोडी कमी केली, तू दुसरीकडे विचार. असे आधी सांगितले म्हणजे मालकाला दुसरा गडी शोधायला सवड मिळे आणि गड्याला दुसरे घर.

नोकरीच्या कागदावर आज ज्याला आपण 'नोटीस पीरियड' म्हणतो, त्याचे सारे मर्म या पाडव्याच्या रिवाजात आहे. नाते तोडायचे असेल तर तोडा; पण समोरच्याला सावरायला वेळ द्या. गोष्ट इतकी साधी आहे. मग तिच्यासाठी कायदे का करावे लागले आणि न्यायालयाच्या पायऱ्या का चढाव्या लागल्या? त्याची हकिगत आज सांगायची आहे. तिचा सर्वांत महत्त्वाचा भाग घडला तो आपल्याच शेजारी, लातूरपर्यंत येणाऱ्या एका छोट्या आगगाडीच्या रुळांवर.

पाडव्याची बोली दिसायला दोन्ही बाजूंना सारखी होती; पण तिचे एक पारडे जड होते. ते जड होई उचलीमुळे. लग्नकार्याला, आजारपणाला गड्याने जी रक्कम आगाऊ घेतलेली असे, ती फिटल्याशिवाय त्याला साल सोडता येत नसे. पाडवा यायचा, हिशेब व्हायचा, आणि उचल उरली म्हणून तोच गडी त्याच वाड्यावर पुन्हा उभा राहायचा. मालकाने मनात आणले तर मात्र मधल्याच एखाद्या दिवशी "उद्यापासून येऊ नको" एवढे चार शब्द पुरत. म्हणजे मुदत पाळण्याचे बंधन ज्याच्या गाठीला पैसा नाही त्याच्यावर अधिक, आणि ज्याच्या गाठीला आहे त्याच्यावर कमी.

इंग्रजी मुलखात तर या विषमतेला कायद्याचीच मोहोर लागली. १८५९ साली सरकारने एक कायदा केला. तो त्या वर्षाचा तेरावा कायदा. कारागिराने किंवा मजुराने कामासाठी आगाऊ पैसे घेतले आणि काम अर्धवट सोडले, तर मॅजिस्ट्रेटने त्याला पैसे परत करायला किंवा काम पुरे करायला सांगावे. तेही त्याने केले नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद द्यावी, असा तो कायदा होता. करार दोघांचा, पण तो मोडल्याबद्दल तुरुंगाची वाट एकालाच. हा कायदा पासष्टाहून अधिक वर्षे चालला आणि १९२५ च्या कायद्याने रद्द झाला.

मुंबईच्या गिरण्यांत उचलीची जागा थकलेल्या पगाराने घेतली. महिना भरला तरी पगार लगेच हाती पडत नसे. पुढच्या महिन्याचेही बरेच दिवस उलटून जात. तोवर कामगाराचा घाम गिरणीत जमा आणि पैसाही गिरणीतच जमा. अशा माणसाने काम सोडायचे म्हटले तर तो सोडणार कशाच्या जोरावर? नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ च्या सप्टेंबरात परळला कामगारांच्या सभा भरवल्या आणि सुमारे साडेपाच हजार सह्यांचा अर्ज तयार केला. रविवारची सुट्टी मागणारा म्हणून तो अर्ज आपल्याला ठाऊक असतो. पण त्याच अर्जात आणखी एक मागणी होती : मागच्या महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत मिळावा. रविवारची सुट्टी १८९० साली मिळाली. वेळेवर पगार देण्याचा कायदा व्हायला १९३६ साल उजाडावे लागले. मालकाने कामावरून दूर केलेल्या माणसाचा पगार दुसरा कामाचा दिवस संपण्यापूर्वी चुकता केला पाहिजे, असे त्या कायद्याने ठरवले. त्याच कायद्यात दुसरीही एक गोष्ट होती. दहा किंवा अधिक कामगारांनी संगनमताने, कराराप्रमाणे नोटीस न देता आणि योग्य कारण नसता काम बंद केले, तर त्यांचा आठ दिवसांपर्यंतचा पगार मालकाला कापता येई. नोटीस ही दोन्ही बाजूंनी पाळायची गोष्ट आहे, हे कायद्यात येऊ लागले होते. पण काढून टाकण्याआधी कामगाराला किती दिवस अगोदर सांगायचे, हे मात्र अजून मालकाच्याच मर्जीवर होते.

१९२८ साली मुंबईच्या गिरण्यांत सहा महिने संप चालला. त्या संपानंतर नेमलेल्या फॉसेट समितीपुढे इतर प्रश्नांबरोबर गिरण्यांच्या नियमांचाही प्रश्न आला. कामावर घेणे, काढणे, रजा, दंड यांचे नियम गिरणीच्या भिंतीवर कोणी लावायचे आणि कोणाला विचारून लावायचे, हा वाद होता. त्याची तड पुढे १९४६ साली लागली. त्या वेळी मध्यवर्ती सरकारात मजूरखाते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होते. त्यांनी विधिमंडळापुढे स्थायी आदेशांचे विधेयक मांडले आणि त्या एप्रिलमध्ये ते मंजूर झाले. शंभर किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्याने नोकरीचे नियम लिहून काढावेत, सरकारी अधिकाऱ्याकडून प्रमाणित करून घ्यावेत आणि कामगारांना समजेल अशा भाषेत लावावेत, अशी त्यात योजना होती.

या कायद्याखाली नमुन्यादाखल जे आदेश तयार झाले, त्यांत नोटिशीचे कलम आहे. कायम कामगाराची नोकरी संपवायची असेल, तर मासिक पगार घेणाऱ्यासाठी एक महिन्याची आणि इतरांसाठी दोन आठवड्यांची लेखी नोटीस हवी; नोटीस नसेल तर तेवढ्या दिवसांचा पगार द्यावा. आता यातली खरी मेख ऐका. ही नोटीस मालकाने किंवा कामगाराने, जो कोणी नोकरी संपवीत असेल त्याने द्यायची. महिना दोघांनाही सारखाच. एकाला तुरुंग आणि दुसऱ्याला मोकळीक, असा १८५९ चा न्याय होता. सत्त्याऐंशी वर्षांनी एकाच ओळीत मालक आणि कामगार शेजारी शेजारी उभे राहिले. बदली कामगार, हंगामी माणूस आणि उमेदवारीवरचा माणूस मात्र त्या ओळीच्या बाहेरच राहिले. त्यांना नोटिशीचा हक्क नव्हता. शेतावरचा सालगडी तर या कायद्याच्या वेशीपर्यंतही पोचला नाही.

तरीही एक प्रश्न शिल्लक होता. वीस वर्षे इमानाने काम केलेल्या माणसाला आणि काल लागलेल्या माणसाला नोटिशीचा महिना एकच. मग त्या वीस वर्षांचे काय? याचे उत्तर २४ ऑक्टोबर १९५३ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने दिले. औद्योगिक कलह कायद्यात कामगार कपातीचे नवे प्रकरण आले. एक वर्ष सलग काम केलेल्या कामगाराची कपात करायची तर कारण दाखवून एक महिन्याची लेखी नोटीस, नाहीतर महिन्याचा पगार. शिवाय पुऱ्या झालेल्या प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांचा सरासरी पगार भरपाई म्हणून. वीस वर्षांच्या नोकरीला तीनशे दिवसांचा पगार झाला. शिवाय जो शेवटी आला तो आधी जाईल, आणि पुन्हा भरती निघाली तर गेलेल्याला प्रथम बोलावले जाईल, हेही ठरले.

आणि आता आपण आपल्या आगगाडीकडे येऊ.

बार्शी लाईट रेल्वे म्हटले की आपल्याकडच्या वडीलधाऱ्यांच्या डोळ्यांपुढे अडीच फुटी रुळांवरून रमतगमत जाणारी गाडी उभी राहते. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या इंग्रज इंजिनिअरची ही कल्पना. १८९७ साली बार्शी रोड, म्हणजे आजचे कुर्डुवाडी, ते बार्शी असा पहिला तुकडा सुरू झाला. १९०६ मध्ये गाडी पंढरपूरला गेली, १९११ मध्ये निजामाच्या राज्यात लातूरला पोचली आणि १९२७ मध्ये मिरजेला. लातूरची आडत वाढली ती या गाडीच्या जोरावर, आणि पंढरीच्या वारीला गाडीच्या टपापर्यंत माणसे ती हीच. पुढे तिचे रूळ रुंद झाले. २०१६ च्या दुष्काळात मिरजेहून पाण्याच्या वाघिणी लातूरला आल्या, त्या याच वाटेने. पण गाडी जरी आपली, तरी कंपनी इंग्रजांची होती आणि सरकारशी झालेल्या करारावर चालत होती. ठराविक मुदतीची नोटीस देऊन रेल्वे विकत घेण्याचा हक्क सरकारने त्या करारात राखून ठेवला होता.

१९ डिसेंबर १९५२ रोजी रेल्वे बोर्डाने कंपनीला तशी नोटीस दिली : १ जानेवारी १९५४ पासून रेल्वे सरकार ताब्यात घेईल. कंपनीला आवराआवर करायला एक वर्ष आणि वर तेरा दिवस मिळाले.

कंपनीने आपल्या कामगारांना नोटीस दिली ती ११ नोव्हेंबर १९५३ रोजी. ३१ डिसेंबरच्या दुपारनंतर सर्वांच्या नोकऱ्या संपतील. ज्यांची इच्छा असेल त्यांना सरकार कामावर घेईल, पण कोणत्या अटींवर ते पुढे कळवू, असा तिचा मजकूर. कामगारांच्या वाट्याला आले पन्नास दिवस.

आणि सरकारने आपल्या अटी कळवल्या १५ डिसेंबरला. म्हणजे नवी नोकरी घ्यायची की नाही, पगार कमी होणार की तेवढाच राहणार, याचा विचार करायला सोळा दिवस.

श्रोतेहो, रेल्वे एकच, घटनाही एकच. वर बसलेल्याला वर्षाहून अधिक, मधल्याला पन्नास दिवस, आणि ज्याच्या चुलीचा प्रश्न त्याला प्रत्यक्षात सोळा. सालगड्याच्या बोलीत उचलीने जे पारडे जड केले होते, ते इथे तारखांनीच जड केलेले दिसते. कंपनीने कायदा मोडला असे कोणी म्हणणार नाही. महिन्याऐवजी पन्नास दिवस दिले होते. पण ज्या नोटिशीत पुढचे काहीच सांगितलेले नाही, तिच्यातले दिवस माणसाला फारसे उपयोगी पडत नाहीत. फायरमन, पॉइंटमन, गँगमन यांनी त्या दिवसांत काय ठरवायचे होते?

बहुतेकांना सरकारी रेल्वेने घेतले. मोठ्या हिश्शाला पूर्वीच्याच वेतनश्रेणी मिळाल्या, काहींना थोड्या खालच्या, आणि मोजक्या लोकांनी ती नोकरी नाकारली. पण जुन्या कंपनीतली सेवा तर ३१ डिसेंबरला संपली होती. तेव्हा कामगारांनी विचारले : कपातीचा नवा कायदा २४ ऑक्टोबरला लागू झाला, आमची नोटीस त्यानंतर अठरा दिवसांनी निघाली, मग वर्षामागे पंधरा दिवसांची भरपाई आम्हाला का नाही? कायद्यात तर साफ लिहिले होते की शिक्षा म्हणून नसेल, तर इतर कोणत्याही कारणाने मालकाने नोकरी संपवली म्हणजे ती कपात.

हे प्रकरण 'बार्शी लाईट रेल्वे कंपनी विरुद्ध के. एन. जोगळेकर' या नावाने ओळखले जाते. जोगळेकर हे रेल्वे कामगारांचे जुने पुढारी. मीरत कटाच्या प्रसिद्ध खटल्यातील आरोपींपैकी एक. मुंबईच्या उच्च न्यायालयात कामगारांची बाजू ग्राह्य ठरली. कंपनी सर्वोच्च न्यायालयात गेली. तिथे बडोद्याच्या एका गिरणीचे अशाच स्वरूपाचे प्रकरण सोबत चालले आणि २७ नोव्हेंबर १९५६ रोजी घटनापीठाचा निकाल लागला. निकालपत्र न्यायमूर्ती एस. के. दास यांनी लिहिले. त्याचा सारांश असा की, कपात या शब्दाचा नेहमीचा अर्थ चालू धंद्यातली जादा माणसे कमी करणे हा आहे. धंदाच खरोखर बंद झाला, किंवा त्याची मालकीच दुसऱ्याकडे गेली, तर तिथे कपात झाली असे म्हणता येत नाही. म्हणून भरपाईही नाही. शब्दाच्या अंगाने पाहिले तर या युक्तिवादात वजन होते. झाड छाटणे वेगळे आणि झाडच जाणे वेगळे. पण झाड गेल्यावर पाखराचे घरटे मात्र दोन्ही वेळा सारखेच खाली येते, त्याची सोय त्या शब्दात नव्हती.

त्याच महिन्याच्या पहिल्या तारखेला मराठवाडा हैदराबाद राज्यातून निघून मुंबई राज्यात आला होता. लातुरात, नांदेडात नव्या राज्याची चर्चा चालू असतानाच दिल्लीहून हा निकाल आला.

निकालाचा परिणाम केवळ एका रेल्वेपुरता राहणारा नव्हता. देशभर जिथे जिथे गिरणी बंद पडेल किंवा विकली जाईल, तिथे कामगार रिकाम्या हाताने बाहेर पडणार, हे स्पष्ट झाले. तेव्हा सरकारने १९५७ च्या एप्रिलमध्ये वटहुकूम काढला आणि लगेच संसदेत दुरुस्ती झाली. धंदा बंद झाला तरी कामगाराला कपातीप्रमाणेच नोटीस आणि भरपाई. खरोखरच मालकाच्या हाताबाहेरच्या कारणाने बंद पडला असेल, तर भरपाई तीन महिन्यांच्या पगारापेक्षा अधिक नाही. पण नुसता तोटा झाला किंवा माल पडून राहिला ही हाताबाहेरची कारणे नव्हेत, हेही सांगून टाकले. धंद्याची मालकी बदलली तर नव्या मालकाने तीन गोष्टी पाळायच्या : सेवेत खंड पाडायचा नाही, अटी पूर्वीपेक्षा वाईट ठेवायच्या नाहीत, आणि पुढे कधी कपात केली तर जुन्या मालकाकडची वर्षेही मोजून भरपाई द्यायची. यातले एकही उणे पडले तर कामगाराला नोटीस आणि भरपाई मिळणार.

ही दुरुस्ती मागील तारखेपासून लागू केली गेली. कोणत्या तारखेपासून? २८ नोव्हेंबर १९५६ पासून. निकालाच्या दुसऱ्या दिवसापासून. बार्शी लाईटच्या माणसांची नोकरी संपली होती १९५३ च्या शेवटच्या दिवशी. ज्यांच्या भांडणातून हा कायदा जन्मला, त्यांच्यापर्यंत तो पोचला नाही. लातूरच्या स्टेशनावर शिट्टी पूर्वीसारखीच वाजत राहिली, आणि पुढच्या पिढ्यांतल्या हजारो अनोळखी कामगारांना, एखादी गिरणी विकली गेली तेव्हा, जुन्या वर्षांचा हिशेब मागता आला. त्यातल्या कितीजणांना ठाऊक असेल की हा हक्क कुर्डुवाडी-लातूरच्या रुळांवरून आला आहे?

'कपात' या शब्दावरचा वादही तिथेच थांबला नाही. चालू धंद्यात केवळ जादा माणसांनाच कपात म्हणायचे, की शिक्षेखेरीज कोणत्याही कारणाने काढलेल्या माणसाला, हा प्रश्न पुन्हा पुन्हा वर आला. १९९० साली सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने कायद्यातले शब्द जसेच्या तसे घ्यावेत असे ठरवले. म्हणजे धंदा चालू असेल, तर शिक्षेखेरीज अन्य कारणाने मालकाने नोकरी संपवली की ती साधारणपणे कपात. कायद्याने जे अपवाद सांगितले आहेत, ते वगळून.

आता आजची गोष्ट. २१ नोव्हेंबर २०२५ पासून जुन्या कायद्यांच्या जागी औद्योगिक संबंध संहिता लागू झाली आहे. वर्षभर सलग काम केलेल्या कामगाराच्या कपातीला एक महिन्याची कारणासहित लेखी नोटीस किंवा तेवढा पगार, आणि वर्षामागे पंधरा दिवसांची भरपाई, हा १९५३ चा गाभा तिच्यात कायम आहे. स्थायी आदेशांचे बंधन मात्र आता तीनशे किंवा अधिक कामगार असलेल्या ठिकाणी आहे. १९४६ च्या कायद्यात ती संख्या शंभर होती. वेतनाच्या संहितेनेही एक जुनी उणीव भरून काढली. काढलेल्या माणसाप्रमाणेच स्वतः राजीनामा दिलेल्या माणसाचा राहिलेला पगारही दोन कामाच्या दिवसांत द्यायचा आहे. थकलेल्या पगारासाठी लोखंड्यांनी जो अर्ज केला होता, त्याचा धागा इथवर येतो.

आपल्या नायगावसारख्या तालुक्याच्या गावी मोठे कारखाने थोडे; पगाराची नोकरी म्हटली की पुष्कळदा डोळ्यांपुढे येते ती खाजगी शाळा. तिथला नियम वेगळा आहे आणि तो शिक्षकांनी नीट समजून घ्यावा असा आहे. खाजगी शाळांतील कर्मचाऱ्यांच्या १९७७ च्या कायद्याखाली जे नियम १९८१ मध्ये झाले, त्यांप्रमाणे कायम कर्मचाऱ्याने राजीनामा देताना तीन महिन्यांची आणि कायम नसलेल्याने एक महिन्याची नोटीस द्यायची असते. वर्षाच्या मध्येच शिक्षक निघून गेला तर पोरांचे नुकसान होते, म्हणून मुदत लांब. पण त्याच कायद्याच्या सातव्या कलमात आणखी एक बारीक तरतूद आहे. राजीनाम्याच्या दोन प्रती करायच्या, दोन्हींवर तारीख घालून सही करायची, एक प्रत संस्थेला रजिस्टर टपालाने पाठवायची आणि दुसरी स्वतःजवळ ठेवायची. एवढा खटाटोप कशाला? माणूस नोकरीला लागतानाच त्याच्याकडून कोऱ्या कागदावर किंवा तारीख न घातलेल्या राजीनाम्यावर सही घेऊन ठेवण्याची खोड अनेक ठिकाणी असते. टपालाची पावती असली म्हणजे राजीनामा कोणी, कधी, कुठून पाठवला ते उघड होते. टेबलाच्या खणातून काढलेल्या कागदाला ती पावती चिकटवता येत नाही.

मग साध्या नोकरदार माणसाने यातून घ्यायचे काय? नेमणुकीचा कागद हाती आला की पगाराच्या आकड्याखालची ओळही वाचावी : नोटीस किती, आणि ती दोन्ही बाजूंना सारखी आहे का. सोडताना तोंडी सांगू नये. लिहून द्यावे आणि पोच घ्यावी. कोणी "उद्यापासून येऊ नका" म्हणाले तर तेही लिहून मागावे, कारणासह. धंद्याचा मालक बदलत असेल तर आपल्या जुन्या वर्षांचे काय, हा प्रश्न पहिल्याच दिवशी विचारावा. शेवटच्या सोळा दिवसांची वाट पाहू नये. आणि जे स्वतः मालक आहेत, मग ते दुकानाचे असोत की शेताचे, त्यांनी एवढे ध्यानात ठेवावे की जी बातमी आपल्याला वर्षभर आधी कळली, ती आपल्या माणसाला महिनाभर तरी आधी कळायला हवी.

सालगड्याचे साल आता पूर्वीसारखे राहिले नाही. पोरे पुण्याला, हैदराबादला कंपन्यांत जातात आणि त्यांच्या हाती इंग्रजी कागद पडतो. त्यात कुठे तरी नव्वद दिवस असतात, कुठे तीस, कुठे काहीच नसते. घरातल्या वडीलधाऱ्यांनी तो कागद एकदा पोराकडून वाचून घ्यावा आणि पाडव्याला विचारीत तसेच विचारावे : "बाळा, त्यांनी तुला काढलं तर किती दिवस आधी सांगणार? आणि तू सोडलंस तर?" दोन्ही उत्तरे सारखी आली नाहीत, तर का नाहीत, हे सही करण्याआधीच विचारायला त्याला सांगा.